द्रव अवस्थेतील हायड्रोजनीकरणात धातू उत्प्रेरकांची विषबाधा

धातू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर एखादे परके द्रव्य घट्ट बसल्यामुळे त्या उत्प्रेरकाची क्रियाशीलता कमी होणे किंवा पूर्णपणे नष्ट होणे, यास उत्प्रेरक विषबाधा असे म्हणतात. अशा द्रव्यास उत्प्रेरक विष ही संज्ञा आहे. द्रव अवस्थेतील हायड्रोजनीकरणात निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम, ऱ्होडियम आणि रुथेनियम हे धातू उत्प्रेरक म्हणून वापरले जातात. गंधक, फॉस्फरस व आर्सेनिक यांची काही संयुगे, शिसे व पारा यांसारखे जड धातू, हॅलाइडे, कार्बन मोनॉक्साइड आणि काही अमाइने ही या धातूंची प्रमुख विषे होत. खाद्यतेलांवरील प्रक्रिया, औषधनिर्मिती, रंगद्रव्ये आणि कृत्रिम धागे या उद्योगांमध्ये उत्प्रेरक निकामी होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

कच्च्या मालाच्या वजनाशी तुलना केल्यास विषाचे प्रमाण बहुधा नगण्य दिसते. मात्र उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर काम करणाऱ्या अणूंच्या संख्येशी तुलना केल्यास तेच प्रमाण मोठे ठरते. उत्प्रेरक विषबाधा समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

येथे ‘विष’ हा शब्द सजीवांच्या संदर्भात वापरलेला नाही. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल प्रथिनांचा नैसर्गिक घटक आहे, परंतु प्लॅटिनमच्या दृष्टीने ते तीव्र विष आहे.

पार्श्वभूमी

असंपृक्त संयुगातील दुहेरी किंवा तिहेरी बंधावर, अथवा नायट्रो, नायट्राइल यांसारख्या गटांवर हायड्रोजनची अभिक्रिया घडवून आणणे म्हणजे हायड्रोजनीकरण होय. हायड्रोजनच्या रेणूतील दोन अणू परस्परांशी बळकट बंधाने जोडलेले असल्यामुळे सामान्य तापमानाला ही अभिक्रिया आपोआप घडत नाही. धातूच्या पृष्ठभागावर मात्र हायड्रोजनचा रेणू दुभंगतो आणि त्याचे अणू सुटे होऊन धातूला चिकटून राहतात. असंपृक्त संयुगाचा रेणूही शेजारीच पृष्ठभागावर धरला जातो. पृष्ठभागाने रेणू किंवा अणू धरून ठेवण्याच्या या क्रियेस अधिशोषण म्हणतात. त्यानंतर हायड्रोजनचा एक अणू व मग दुसरा अणू त्या रेणूला जोडला जातो आणि तयार झालेला संपृक्त रेणू पृष्ठभाग सोडून द्रवात परत जातो. हायड्रोजन असा दोन टप्प्यांत जोडला जातो, ही कल्पना होरिउती आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये मांडली.

या साऱ्या क्रियेत धातूची पकड माफक असावी लागते. ती फार सैल असेल तर रेणू पृष्ठभागावर थांबत नाही आणि फार घट्ट असेल तर तो पृष्ठभाग सोडत नाही. उत्प्रेरक विष हे या दुसऱ्या प्रकारचे टोकाचे उदाहरण आहे. रेल्वे स्थानकावरील तिकीट खिडकीचा दृष्टान्त घेता येईल. प्रवासी येतात, तिकीट घेतात आणि निघून जातात, तोवर खिडकी हजारोंच्या उपयोगी पडते. एखादा मनुष्य खिडकीला धरून उभाच राहिला, तर खिडकी शाबूत असूनही तिचे काम थांबते.

अल्प प्रमाण पुरेसे का होते?

घन उत्प्रेरकाचे फक्त पृष्ठभागावरील अणू अभिक्रियेत भाग घेतात, कणाच्या आतील अणूंचा अभिक्रियेशी संपर्क येत नाही. पृष्ठभागावरील सर्व अणूही सारखे नसतात. कणाच्या कडांवरील, कोपऱ्यांवरील आणि सपाट भागावरील अणूंची क्रियाशीलता निरनिराळी असते. १९२५ मध्ये ह्यू टेलर यांनी ‘क्रियाशील केंद्रे’ ही संकल्पना मांडली. पृष्ठभागाचा लहानसा भाग झाकला गेल्यावरही क्रियाशीलता पुष्कळ घटते, या निरीक्षणाचा त्यांच्या विचाराला आधार होता.

प्रमाणाची कल्पना येण्यासाठी एक साधे गणित पाहू. समजा, १०० ग्रॅम कच्च्या मालासाठी १ ग्रॅम उत्प्रेरक घेतला आणि त्या उत्प्रेरकात कोळशाच्या भुकटीवर ५ टक्के पॅलेडियम बसवलेले आहे. म्हणजे पॅलेडियमचे वजन ५० मिलिग्रॅम, अर्थात सुमारे ०.४७ मिलिमोल झाले. यांपैकी एक चतुर्थांश अणू पृष्ठभागावर आहेत असे मानल्यास काम करणारे पॅलेडियम सुमारे ०.१२ मिलिमोल भरते. आता कच्च्या मालात गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे ०.००१ टक्का आहे असे समजू. १०० ग्रॅम मालात हे गंधक १ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिमोल होते. याचा अर्थ पृष्ठभागावरील दर चार पॅलेडियम अणूंमागे गंधकाचा एक अणू उपलब्ध आहे. गंधकाचा एक अणू सामान्यतः एकाहून अधिक धातू अणूंना निरुपयोगी करतो. त्यामुळे मालाच्या ९९.९९९ टक्के शुद्धतेनंतरही उत्प्रेरकाचा मोठा हिस्सा निकामी होऊ शकतो.

विषाचा परिणाम केवळ जागा अडवण्यापुरता मर्यादित नसतो. गंधक धातूच्या इलेक्ट्रॉन रचनेवर परिणाम करते आणि शेजारच्या अणूंची हायड्रोजन किंवा असंपृक्त संयुग धरण्याची क्षमताही बदलते. शिवाय काही अभिक्रियांना शेजारी शेजारी असलेल्या अनेक मोकळ्या अणूंचा समूह लागतो. मध्येच एक विषारी अणू बसला की तो संपूर्ण समूह निरुपयोगी होतो.

विषांचे प्रकार

उत्प्रेरक विषांचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड ब्रॅडफर्ड मॅक्स्टेड यांनी केला. त्यांच्या कार्यावरून विषांचे पुढील गट पाडता येतात.

*अधातू मूलद्रव्यांची संयुगे.* यात गंधक, सेलेनियम, टेल्यूरियम, फॉस्फरस, आर्सेनिक आणि अँटिमनी यांची संयुगे येतात. या अणूंजवळ बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी असते आणि ती धातूला देऊन हे अणू त्याच्याशी बळकट बंध तयार करतात.

*जड धातूंचे आयन.* पारा, शिसे, कथील, जस्त, कॅडमियम, तांबे, बिस्मथ इत्यादींचे आयन या गटात मोडतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांचे आयन मात्र विषारी ठरत नाहीत. विषारी आयनांच्या बाह्य डी कक्षिकांमध्ये इलेक्ट्रॉन असतात, बिनविषारी आयनांच्या बाबतीत त्या रिकाम्या असतात, असे मॅक्स्टेड यांनी दाखवून दिले.

*बंध असलेले रेणू.* कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड ही याची उदाहरणे होत. कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजन वायूबरोबर येऊ शकतो, कारण औद्योगिक हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून तयार होतो. काही वेळा तो अभिक्रियापात्रातच निर्माण होतो. ॲल्डिहाइडे धातूच्या पृष्ठभागावर विघटित झाली की कार्बन मोनॉक्साइड मागे राहतो.

*हॅलाइडे आणि अमाइने.* हॅलाइडांमध्ये आयोडाइड सर्वांत तीव्र, ब्रोमाइड त्याखालोखाल आणि क्लोराइड सौम्य विष आहे. अमाइनांची पकड गंधकापेक्षा सैल असते, परंतु अभिक्रियेचा उत्पाद स्वतःच अमाइन असेल तर त्याचे प्रमाण सतत वाढत जाते व अभिक्रिया मंदावते. अशा वेळी द्रवात आम्ल मिसळतात. आम्लाशी संयोग झाल्यावर नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी राहत नाही आणि अमाइनाचा विषारीपणा जातो.

मूलद्रव्यापेक्षा त्याचे रूप महत्त्वाचे

केवळ गंधकाच्या अस्तित्वावरून विषबाधेचे अनुमान करता येत नाही. हायड्रोजन सल्फाइड, थायोफीन आणि मरकॅप्टन ही तीव्र विषे आहेत. याउलट सल्फेट आयनात गंधकाचे सर्व इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अणूंशी बंध करण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे ते विषारी नसते. बेरियम सल्फेट तर पॅलेडियमसाठी आधारद्रव्य म्हणून वापरले जाते. हेच फॉस्फरसच्या बाबतीत दिसते. फॉस्फीन विषारी आहे, फॉस्फेट विषारी नाही.

रेणूच्या आकारालाही महत्त्व आहे. मरकॅप्टनमधील कार्बनची साखळी जितकी लांब, तितका गंधकाच्या एका अणूमागील विषारीपणा अधिक आढळतो. गंधकाचा अणू नांगरासारखा पृष्ठभागावर रुततो आणि त्याला बांधलेली साखळी आसपासची जागा झाकत राहते.

विषबाधा तात्पुरती किंवा कायमची असू शकते. अमाइन, पाणी किंवा सौम्य हॅलाइड यांमुळे झालेली बाधा उत्प्रेरक स्वच्छ द्रावकाने धुतल्यास बऱ्याच अंशी दूर होते. गंधक, शिसे किंवा पारा यांची बाधा धुऊन जात नाही.

द्रव अवस्थेची वैशिष्ट्ये

द्रव अवस्थेतील हायड्रोजनीकरण सहसा खोलीच्या तापमानापासून सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत केले जाते. या तापमानाला घट्ट बसलेले विष उष्णतेने सुटत नाही. वायू अवस्थेत कच्चा माल बाष्परूपाने येत असल्याने न उडणारी द्रव्ये मागे राहतात. द्रवात मात्र धातूंचे क्षार, डिंकासारखे पदार्थ, साबण आणि बहुवारिके हे सर्व थेट उत्प्रेरकापर्यंत पोहोचतात.

अनेक कारखान्यांत अभिक्रिया घाण्याघाण्याने केली जाते आणि तोच उत्प्रेरक गाळून पुढील घाण्यासाठी पुन्हा वापरला जातो. एका घाण्यातील विषाचा अंश किरकोळ असला तरी तो साठत जातो. पाचव्या किंवा दहाव्या घाण्याला अभिक्रिया अचानक रेंगाळते, तेव्हा दोष त्याच घाण्याच्या मालात असेलच असे नाही.

आणखी एक अडचण हायड्रोजनच्या विद्राव्यतेची आहे. हायड्रोजन बहुतेक द्रवांत फारच कमी विरघळतो. ढवळणे अपुरे पडले तर पृष्ठभागाला हायड्रोजन मिळत नाही आणि अर्धवट अभिक्रियेतून चिकट अवशेष साचतात. हा प्रकार बाहेरून विषबाधेसारखाच दिसतो. म्हणूनच पृष्ठभागावर थर साचणे, धातूचे कण एकत्र येऊन मोठे होणे आणि धातू द्रवात विरघळून जाणे या निष्क्रियतेच्या इतर प्रकारांपासून विषबाधा वेगळी ओळखावी लागते.

उदाहरणे

*खाद्यतेले.* जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये द्रव तेलांचे निकेलच्या साहाय्याने घन मेदांत रूपांतर करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. भारतात याच पद्धतीने वनस्पती तूप तयार होऊ लागले. १९३० च्या दशकात मुंबईतील शिवडी येथे असा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले. तेलातील फॉस्फोलिपिडे, साबण, मुक्त मेदाम्ले आणि गंधकयुक्त संयुगे निकेलला बाधतात. मोहरीच्या तेलाचा झणका ज्या आयसोथायोसायनेटांमुळे येतो, त्यांत गंधक असते. म्हणून हायड्रोजनीकरणापूर्वी तेलातील डिंक काढणे, आम्लता घालवणे आणि विरंजन माती वापरून ते स्वच्छ करणे या क्रिया कराव्या लागतात.

येथे प्रश्न केवळ वेगाचा नाही. दुहेरी बंधाला हायड्रोजनचा पहिला अणू जोडला गेल्यावर दुसरा अणू लवकर मिळाला नाही, तर पहिला पुन्हा सुटू शकतो आणि दुहेरी बंध परत तयार होताना त्याची रचना सिसऐवजी ट्रान्स होऊ शकते. गंधकाची बाधा झालेल्या निकेलवर ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण वाढते. ही मेदाम्ले हृदयविकाराचा धोका वाढवतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेले व मेद यांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली आहे.

*बेंझीन.* नायलॉनच्या निर्मितीसाठी लागणारे सायक्लोहेक्झेन बेंझिनाच्या हायड्रोजनीकरणाने मिळते. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळवलेल्या बेंझिनात थायोफीन असते. बेंझीन ८० अंशाला उकळते, तर थायोफीन ८४ अंशाला, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करणे कठीण जाते. निकेल उत्प्रेरकासाठी बेंझिनातील गंधक आधीच काढून टाकणे अनिवार्य असते.

*नायट्रो संयुगे.* रंग व औषधे यांसाठी लागणारी ॲरोमॅटिक अमाइने नायट्रो संयुगांपासून तयार करतात. या मार्गात हायड्रॉक्सिलअमाइन हा मधला टप्पा असतो. उत्प्रेरक निरोगी असेल तर तो साचत नाही. उत्प्रेरक मंदावला की हायड्रॉक्सिलअमाइन द्रवात साठू लागते आणि त्याच्या विघटनातून मोठ्या प्रमाणात उष्णता बाहेर पडून स्फोटाचा धोका निर्माण होतो. अशा प्रक्रियेत हायड्रोजन शोषला जाण्याचा वेग कमी होणे ही सुरक्षिततेची सूचना मानली पाहिजे.

विषबाधा ओळखणे

कच्च्या मालात विष असल्याची खात्री करण्याची एक सोपी पद्धत आहे. एकाच मालाचे अनेक सारखे भाग घेऊन प्रत्येकात उत्प्रेरकाचे वेगळे प्रमाण टाकतात आणि अभिक्रियेचा वेग मोजतात. विष नसेल आणि ढवळणे पुरेसे असेल तर वेग उत्प्रेरकाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आलेखाची रेषा आरंभबिंदूतून जाते. विष असेल तर उत्प्रेरकाचा पहिला हिस्सा ते गिळून टाकते. समजा, विषाने १ ग्रॅम उत्प्रेरक निकामी होतो. तर १ ग्रॅमला वेग शून्य, २ ग्रॅमला एक एकक, ३ ग्रॅमला दोन एकके आणि ४ ग्रॅमला तीन एकके असा मिळेल. रेषा आडव्या अक्षाला जेथे छेदते, तेथे विषाने खाल्लेल्या उत्प्रेरकाचे प्रमाण वाचता येते.

शुद्ध नमुन्यावर तोच उत्प्रेरक वापरून पाहणे ही दुसरी कसोटी होय. ताजा उत्प्रेरक शुद्ध नमुन्यावर चालतो, पण कारखान्यातील मालावर चालत नाही, तर दोष मालात आहे. वापरून झालेला उत्प्रेरक शुद्ध नमुन्यावरही चालत नसेल तर तो कायमचा बाधित झालेला आहे, अथवा त्यातील धातू निघून गेला आहे. गाळलेल्या द्रवात धातूचा अंश तपासल्यास या दोन शक्यतांमध्ये निवड करता येते.

विषाचा उगम नेहमी कच्च्या मालातच सापडतो असे नाही. रबर टणक करण्यासाठी गंधक वापरतात, त्यामुळे रबरी नळी, बूच किंवा गॅस्केट हेही गंधकाचे उगमस्थान ठरू शकते. पूर्वी त्याच पात्रात गंधकयुक्त संयुगावर प्रक्रिया झाली असल्यास पात्राच्या भिंतीवरील अंशही पुरेसा होतो. पुन्हा पुन्हा वापरलेल्या द्रावकात अशुद्ध द्रव्ये साठत जातात.

प्रतिबंध आणि उपाय

बाधित उत्प्रेरकाला पूर्ववत करण्यापेक्षा माल आधी शुद्ध करणे बहुधा स्वस्त पडते. ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण आणि सक्रिय कोळशातून गाळणे या नेहमीच्या पद्धती आहेत. गंधकासाठी माल आधी रेनी निकेलबरोबर ढवळून गाळतात. मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले हे सच्छिद्र निकेल गंधक स्वतःवर ओढून घेते आणि मौल्यवान पॅलेडियम किंवा प्लॅटिनम वाचते. एकदा वापरलेला उत्प्रेरकही अशा राखणदाराचे काम करतो. हायड्रोजन वायूतील हायड्रोजन सल्फाइड झिंक ऑक्साइडच्या थरातून नेऊन काढतात. मालाला चालणार असेल तर गंधकयुक्त अशुद्धीचे ऑक्सिडीकरण करून तिला बिनविषारी रूप देण्याचा मार्गही उपलब्ध आहे.

उत्प्रेरकाचे प्रमाण वाढवणे हा तात्कालिक उपाय आहे, परंतु तो अमलात आणताना धोका संभवतो. मंदावलेल्या अभिक्रियेत कोरडा ताजा उत्प्रेरक टाकल्यास हायड्रोजन आणि द्रावकाची वाफ पेट घेऊ शकते. त्यासाठी प्रथम पात्र थंड करून त्यातील हायड्रोजन नायट्रोजनने पूर्णपणे घालवावा लागतो आणि उत्प्रेरक ओल्या लगद्याच्या रूपात टाकावा लागतो. वापरून झालेला पॅलेडियम किंवा रेनी निकेल उत्प्रेरक वाळल्यास हवेत आपोआप पेटू शकतो, म्हणून तो ओलाच साठवतात.

कोळशावर बसवलेला उत्प्रेरक हवेत जाळून विषमुक्त करता येत नाही, कारण आधारद्रव्यच जळते. असा उत्प्रेरक शुद्धीकरण कारखान्याकडे पाठवून त्यातील मौल्यवान धातू परत मिळवतात.

उपयुक्त विषबाधा

प्रत्येक विषबाधा हानिकारक नसते. हायड्रोजनीकरण मधल्या टप्प्यावर थांबवायचे असेल तर उत्प्रेरकाची क्रियाशीलता मुद्दाम कमी करतात. कार्ल विल्हेल्म रोझेनमुंड यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आम्ल क्लोराइडापासून ॲल्डिहाइड मिळवतात. बेरियम सल्फेटवरील पॅलेडियमला गंधकयुक्त संयुगाने अंशतः बाधित केल्यास अभिक्रिया ॲल्डिहाइडापाशी थांबते, पुढे अल्कोहोलपर्यंत जात नाही.

हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये कॅल्शियम कार्बोनेटवरील पॅलेडियमला शिशाची बाधा करून एक उत्प्रेरक तयार केला. त्याच्यासोबत बहुधा क्विनोलीन वापरतात. हा उत्प्रेरक तिहेरी बंधाचे दुहेरी बंधात रूपांतर करून थांबतो. जीवनसत्त्व अ आणि तत्सम संयुगांच्या संश्लेषणात त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. गंधकाची प्रक्रिया केलेले प्लॅटिनम क्लोरीनयुक्त नायट्रो संयुगातील फक्त नायट्रो गटावर क्रिया करते आणि क्लोरीनला हात लावत नाही. ज्या गंधकामुळे एका कारखान्यातील घाणा वाया जातो, तेच मोजून दिल्यास दुसऱ्या कारखान्यात अभिक्रियेला वळण लावते.

इतिहास

प्लॅटिनमचा पृष्ठभाग स्वच्छ असेल तरच तो हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग घडवतो आणि काही वायूंच्या सान्निध्यात ही शक्ती मंदावते, असे मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये नोंदवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सल्फ्युरिक आम्लाच्या निर्मितीत प्लॅटिनम वारंवार निकामी होत असे. आर्सेनिक हे त्यामागील कारण असल्याचे जर्मनीतील बीएएसएफ कंपनीचे रुडॉल्फ क्निएट्श यांनी ओळखले आणि वायूंचे काटेकोर शुद्धीकरण करून ही पद्धत यशस्वी केली.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी १८९७ पासून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजनीकरणाचा अभ्यास केला व त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासह विभागून मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॅक्स्टेड यांनी विषांच्या रेणुरचनेचा आणि विषारीपणाचा संबंध प्रस्थापित केला. पृष्ठभागाच्या अभ्यासाची आधुनिक साधने उपलब्ध झाल्यानंतर धातूवर गंधकाचे अणू नेमके कोठे बसतात हेही पाहता येऊ लागले.